आत्याबाईंचं दुखणं

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, असं मी म्हणणार नाही. बोलता येतं, फक्त थांबता येत नाही. दुसरा माणूस एक खोटं बोलून गप्प बसतो. हे त्याला हातपाय फोडतात, अंगडं-टोपडं घालतात आणि मग त्यालाच घाबरतात.

साल ऐंशीचं. सव्वीस जानेवारी शनिवारी आली होती, त्यामुळे ह्यांच्या पिंपरीच्या कंपनीला जोडून दोन दिवस सुट्टी होती. अशा सुट्टीत माणसं बायकोला घेऊन कुठंकुठं फिरायला जातात, हे ह्यांनी कंपनीत ऐकलं आणि विहिरीवर मी एकटी आहे असं बघून मला गाठलं. "चंद्रा, आपुन पुण्याला जाऊ. दोघंच. सारसबाग बघू, शिनेमा बघू, रातीला आत्याकडं मुक्काम, रविवारी माघारी." माझ्या हातातली कळशी विहिरीत पडायची राहिली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नेरे गावातल्या आमच्या घरात माणसं खंडीभर, आणि दिवसाउजेडी आम्ही दोघं कधी शेजारी बसलो नव्हतो. मला ते दोन दिवस हवे होते. इतके हवे होते, की त्यासाठी मी ह्यांच्या अकलेवरही विश्वास ठेवला.

प्रश्न एकच होता, घरी काय सांगायचं. आमच्याकडे माणूस पुण्याला जातो तो कोर्टात, दवाखान्यात, नाहीतर बस्ता बांधायला. मजा करायला जातो म्हटलं, तर घरात काय कमी पडलं ते सासूबाईंनी विचारलंच असतं. म्हणून ठरलं असं, की गंज पेठेतल्या ह्यांच्या आत्या, तुळजाबाई, आजारी आहेत असा निरोप आलाय, एवढंच बोलायचं. आत्याबाईंचे यजमान वारलेले, मुलगा-सून नाशिकला, त्या एकट्याच एका खोलीत राहायच्या. त्यांना तिथं गेल्यावर खरं काय ते सांगून टाकणार होतो.

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. हे चुलीपाशी जाऊन उभे राहिले.

"आत्या आजारी हाय," हे म्हणाले.

"अगं बाई! काय होतंय वन्संना?"

इथं 'ताप' म्हणायचं आणि हातपाय धुवायला जायचं. पण नाही. "जेवान जात न्हाई," हे म्हणाले.

"कवापासनं?"

"झाले की लई दिस. हातरुणावरच हाय." मी मागून खोकले. ह्यांना वाटलं, मी शाबासकी देतेय. "आन् म्हायेरच्या मानसांची सारकी आठवण काढती म्हनं."

सासूबाईंचा हात भाकरीवर थांबला, आणि मला कळलं की आपली सारसबाग गेली. आमच्या भागात एखादी बाई दुखण्यात माहेरची नावं घ्यायला लागली, की तिचं काही खरं नाही असं धरतात. मग भावकीनं उठून जायचं, घरचं अन्न तिच्या तोंडी घालायचं, जुने रुसवे मिटवून यायचं, ही रीत. ह्यांना ती माहीत नव्हती असं नाही. पण स्वतःच्या खोट्यावर इतका खूश झालेला माणूस रीत कुठली आठवणार?

सासूबाई तशाच पिठाच्या हातानं बाहेर पडल्या. जेवणं व्हायच्या आत ती बातमी सगळ्या आळीत फिरली, आणि फिरता फिरता आत्याबाईंची वाचाही गेली.

सकाळी दारात बैलगाडी जुंपलेली. गाडीत सासूबाई, माझ्या दोन जावा, त्यांची पोरं, आणि शेजारच्या रत्नाबाई. रत्नाबाईंचं आत्याबाईंशी नातं काहीच नव्हतं, पण आजारी माणूस बघायला जायची संधी त्यांनी आजवर सोडली नव्हती. शिवाय भिकाजीतात्या. ते आत्याबाईंचे पाठचे सख्खे भाऊ. भाच्याच्या लग्नात तात्यांना फेटा सगळ्यांच्या नंतर बांधला, एवढ्यावरून त्यांनी बहिणीच्या घराची पायरी चढणं सोडलं होतं, त्याला दहा वर्षं झाली. आता ते डोळे पुसत बसले होते आणि त्यांच्या काखेत एक गावठी कोंबडी होती. आजाऱ्याला रस्सा पाजायला.

मी नवं मोरपंखी लुगडं काढून ठेवलं होतं. सासूबाईंनी ते नुसतं बघितलं. "आजाऱ्याकडं चाललीस का वरातीला?" मी आत जाऊन विटकं काढून नेसले. हे गाडीच्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळी भावकी. अशी आमची दोघांची सहल निघाली.

हिंजवडीत पुण्याची एस.टी. मोटार धरायची होती. गावात शिरलो तर समोरून शाळेची प्रभातफेरी. झेंडे, ढोल, मुलांचा जयजयकार. भिकाजीतात्यांना झेंड्याचा फार मान. फेरी दिसताच ते गाडीत उठून उभे राहिले आणि त्यांनी कपाळाला हात लावून कडक सलाम ठोकला. ज्या हातानं सलाम ठोकला, त्याच हातानं कोंबडी धरली होती.

कोंबडी फेरीत घुसली. पहिली रांग मोडली, मग दुसरी मोडली. मास्तर "शिस्त! शिस्त!" ओरडत होते आणि पोरं झेंडे उलटे धरून कोंबडीला अडवत होती. शेवटी हे धावले. ह्यांनी कोंबडी धरली ती पाटलांच्या उकिरड्यावर उताणं पडून. तेवढ्यात कोपऱ्यावरून पुण्याची मोटार आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

"आता वो?" मी विचारलं. ह्यांच्या पाठीचं मी वर्णन करत नाही.

"बघू," हे म्हणाले. ह्या माणसाचं बोलणं नेमकं असतं तेव्हा उपयोगाचं नसतं.

पुढची मोटार दुपारी होती, आणि सासूबाईंच्या मते आत्याबाई दुपार बघतील की नाही ह्याचा भरवसा नव्हता. त्यांनी रस्त्यात उभं राहून एक पेंढ्याचा ट्रक अडवला. भवानी पेठेतल्या गोठ्याला पेंढा निघाला होता. ड्रायव्हर नको म्हणायला लागला, तर रत्नाबाईंनी त्याला आत्याबाईंचं दुखणं असं काही रंगवून सांगितलं, की त्यानं स्वतः हात देऊन एकेकाला वर चढवलं. पेंढ्याच्या डोंगरावर आम्ही ओळीनं बसलो. पुन्हा हे त्या टोकाला, मी ह्या टोकाला.

वाकडच्या पुढं भिकाजीतात्यांना टेकायला काहीतरी हवं झालं. दोरखंड पाठीला रुततोय म्हणून त्यांनी तो थोडा सैल केला. पुढच्या वळणावर पेंढ्याचा एक थर सुटला आणि रत्नाबाईंना घेऊन खाली उतरला. आम्ही ओरडून ट्रक थांबवेपर्यंत बराच पुढं गेलो होतो. मागं बघतो तर रस्त्याच्या मधोमध पेंढ्यावर मांडी घालून रत्नाबाई बसलेल्या, केसाला धक्का नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्या सायकलवाल्यांना आत्याबाईंचं दुखणं सांगतायत.

पेंढा पुन्हा चढवण्यात सगळे गुंतले, तेव्हा हे माझ्याजवळ आले. तोंड उतरलं होतं. "चंद्रा, मी खरं सांगून टाकतो. आत्या ठणठणीत निघाली तर आई मला उभा चिरंल."

मी सांगा म्हणणारच होते. सहलीचा तर बोऱ्या वाजलाच होता, निदान ह्यांची फजिती तरी डोळे भरून बघायला मिळाली असती. पण तेवढ्यात भिकाजीतात्या येऊन आमच्याशेजारी टेकले. ते आपल्याच नादात बोलत होते. "एका फेट्यापायी, चंद्रे. लहानपणी मला काखोटीला मारून शाळेत न्यायची ती. दहा वर्सं म्या तिचं त्वांड बघितलं न्हाई. आता मला वळखंल तरी का?" आणि साठीचा तो माणूस ओंजळीत तोंड खुपसून रडला.

मला गलबलून आलं. आता खरं सांगितलं असतं, तर तात्या त्याच पायांनी परत फिरले असते, वर फसवणुकीचा आणखी एक रुसवा घेऊन. मी ह्यांना एवढंच म्हणाले, "गप ऱ्हावा. आजपत्तोर जमलं न्हाई, निदान आता तरी."

गंज पेठेत उतरलो तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोक्यांत पेंढा होता. चाळीच्या बोळात शिरलो आणि पहिला आवाज ऐकू आला तो आत्याबाईंचाच. त्या नळावर होत्या. पदर खोचलेला, एका काखेत भरलेला हंडा, आणि मोकळा हात नाचवत त्या कुणाला तरी बजावत होत्या, "माझा लंबर असताना हंडा लावतीस? तुझ्या आईनं लावला व्हता का कवा!"

आमची वरात जागच्या जागी थिजली. सासूबाईंनी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं. हे कोंबडीकडे बघत होते.

मी सासूबाईंच्या मागं सरकले आणि आत्याबाईंची नजर माझ्यावर पडताच दोन्ही हात जोडले. डोळ्यांनी ह्यांच्याकडे दाखवलं, मग भिकाजीतात्यांकडे दाखवलं, आणि पुन्हा हात जोडले. त्या दोन हातांत काय काय कळवायचं होतं, ते माझं मलाच माहीत.

तोवर तात्या पुढं धावले होते. "तुळजे! अगं, उठलीस कशाला? हंडा उचलतीस व्हय असल्या दुखण्यात?"

आत्याबाईंनी भावाकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि सावकाश हंडा खाली ठेवून त्यांनी कमरेवर हात दाबला.

"जरा बरं वाटलं म्हनून उठले व्हते रं, भिकू," त्या इतक्या बारीक आवाजात म्हणाल्या, की नळावरच्या बायका टकामका बघायला लागल्या. "आता न्हाई बाबा उभं ऱ्हावत. धर मला."

धरून आणून त्यांना खोलीत आडवं केलं. तात्या पाय चेपायला बसले, सासूबाईंनी चूल पेटवली. पाणी पाजायच्या निमित्तानं मी आत्याबाईंच्या कानात सारसबागेसकट सगळं सांगून टाकलं. ज्या आत्याबाईंना जेवण जात नव्हतं, त्यांनी आजाऱ्याचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि तिसऱ्यांदा तात्यांच्या ताटातला ओढला. "म्हायेरच्या हाताची चव," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. आपल्या रश्श्यानं मरणाच्या दारातलं माणूस उठवलं, ही गोष्ट त्यांनी पुढं कित्येक वर्षं सांगितली.

जेवणं झाल्यावर आत्याबाई ह्यांच्याकडे बघून कण्हल्या. "ज्ञाना, माजं औषध आनायचंय रं. वैद्य लांब बसतो, सारसबागंच्या तिकडं. लई रांग असती. चंद्रीला ने संगं, बायकांची रांग येगळी असती." जाऊबाई लगेच उठल्या, "मी जाते की." तशी आत्याबाईंनी त्यांचा पदर धरला, "तू नगं. तू माज्या उशाशी बस. तू बसलीस की बरं वाटतं." आणि मला जवळ बोलावून कानात म्हणाल्या, "दिवं लागायच्या आत आलात, तर बघ."

आम्ही चाळीतून बाहेर पडलो ते जवळजवळ पळतच. सारसबागेत एका बाकावर बसलो, शेजारी शेजारी, लख्ख उन्हात, आणि दोन वर्षांत साठलेलं काय बोलायचं ते दोघांनाही आठवेना. बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "आईनी चा घेतला असंल का गं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मी हसत सुटले. हे ओशाळले आणि माझ्या केसांत राहिलेली पेंढ्याची एक काडी त्यांनी हळूच काढली. चारचौघांत, दिवसा. आम्ही भेळ खाल्ली, सिनेमा बघितला. सिनेमातलं मला आता काही आठवत नाही, कारण मी निम्मा वेळ ह्यांच्याकडेच बघत होते. सुख झालं मला, खोटं कशाला बोलू.

दिवे लागून बराच वेळ झाल्यावर परतलो. खोलीत हसण्याचा नुसता दणका उडाला होता. तात्या लहानपणची कसलीशी खोडी सांगत होते आणि आत्याबाई अंथरुणात उठून बसून त्यांना खोटं पाडत होत्या. औषधाचं कुणी विचारलंसुद्धा नाही.

रविवारी दुपारी सगळे बोळातून पुढं निघाले. मी पाया पडायला मागं थांबले. आत्याबाईंनी मला उठवलं आणि माझा हात सोडलाच नाही.

"आत्याबाई, आमी लई खोटं केलं," मी म्हणाले.

"व्हय, केलंत," त्या म्हणाल्या. "दहा वर्सं मी धडधाकट व्हते गं. एकबी मानूस आलं न्हाई."

बोळाच्या तोंडाशी तात्या वळून वळून हात हलवत होते. आत्याबाईंनी त्यांना दिसावं म्हणून कमरेवर हात ठेवला, जराशा वाकल्या, आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "म्होरल्या साली मला काय व्हनार हाय, तेवढं आदी कळीव."