घरातल्या बाई

"उंची?" हवालदारानं विचारलं.

"आई माझ्या कानापर्यंत येते," मुलगी म्हणाली. "सावळी आहे. डाव्या अंगठ्याला सुया टोचून टोचून घट्टा पडलाय. आणि हसताना तोंडावर हात धरते. पुढचा दात अर्धा तुटलाय ना. लहानपणी मी मांडीवर उसळले, माझं डोकं लागलं."

हवालदार लिहिता लिहिता थांबला. मुलीच्या मागे उभ्या असलेल्या बाईचा हात नकळत तोंडाकडे गेला होता. चौकीतून फोन आल्याबरोबर ती दुकानातून तशीच धावत आली होती. गळ्यात मापाची टेप, खांद्याशी ओळीनं खोचलेल्या टाचण्या.

"आणि ह्या कोण?"

"ह्या आमच्या घरी राहतात. तशा वाईट नाहीत. फक्त आईचे कपडे घालतात, ते मला आवडत नाही."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. बाईकडे पाहून हळूच म्हणाला, "ताई, तुम्हीच ना?"

तिनं मान हलवली. "लिहून घ्या साहेब तक्रार. तेवढंच तिचं समाधान."

त्यानं एका कोऱ्या कागदावर सगळं उतरवून घेतलं. खाली मुलीची सही घेतली.

तयार कपड्यांच्या दुकानात, अगदी मागच्या बाजूला या बाईचं मशीन होतं. कुणाची पँट आखूड कर, कुणाच्या बाह्या आत घे. सगळे तिला टाचणीबाई म्हणत. लेक सतरा वर्षांची, एकुलती एक, हुशार, थोडी हट्टी. गेल्या वर्षी आधी तिची झोप गेली. मग एकदा ताट भिंतीवर गेलं, मग वर्गातल्या मुलीच्या थोबाडीत बसली. 'वयच तसलं आहे' म्हणत नवराबायकोनं सहा महिने ढकलले. आणि एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन लेकीनं अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही कोण?"

लेकीच्या तोंडचं 'तू' गेलं ते तेव्हा.

टाचणीबाई आधी हसली, मग रागावली, मग जुने फोटो काढून बसली. "ही आईच आहे," लेक फोटोवर बोट ठेवून म्हणाली. "तुम्ही तिच्यासारख्या दिसता. म्हणून तर तुम्हाला आणून ठेवलंय." एकदा टाचणीबाईनं फारच नेट लावला, "अगं मीच ती, बघ तरी!" म्हणत तिचे खांदे धरले, तेव्हा लेकीनं गरम इस्त्री फेकून मारली. कोपर भाजलं. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, होला होही मिळवू नका. सोबत राहा फक्त.

बाबा मात्र तिच्या लेखी खरे होते. जेवताना ती त्यांना विचारायची, "बाबा, ह्या बाई अजून किती दिवस राहणार?"

"राहू दे गं. जाईल कुठं ती?" ते ताटात बघत म्हणायचे.

एकदा भांडी आवरता आवरता टाचणीबाईनं नवऱ्याला विचारलं, "अहो, मी खरंच बदललेय का हो?"

"वेड्यासारखं काय बोलतेस!" तो म्हणाला. पण त्याआधी त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं, गरजेपेक्षा क्षणभर जास्तच. तेव्हापासून दुकानातल्या आरशासमोरून ती मान खाली घालून जाऊ लागली. किल्ली जवळ असली तरी घराची बेल वाजवू लागली.

त्या दिवशी चौकीतून त्या दोघी तशाच दवाखान्यात गेल्या. आता भरती केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नवरा तिथंच आला आणि कागद भरायला खिडकीपाशी उभा राहिला. मायलेकी बाकावर बसल्या. बऱ्याच वेळानं लेक थोडी जवळ सरकली.

"बाई, एक सांगू? कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार."

"मी आईला म्हणाले होते, तू मेलीस तर बरं होईल. दुसऱ्या दिवशी ती नव्हतीच." तिनं ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळलं. "तुम्हाला कुठं भेटली तर सांगाल? मी मनापासून नव्हतं म्हटलं."

टाचणीबाईचे हात मांडीवर एकमेकांत अडकून बसले होते. "सांगेन. पण तिला ठाऊक असेल."

"तुम्हाला काय माहीत?"

"आयांना असतं."

लेकीनं विचार केला. "तुम्हाला आहेत मुलं?"

"एक मुलगी आहे."

"कशी आहे?"

"बरी नाहीये सध्या."

"होईल बरी," लेक म्हणाली, आणि आतून हाक आली तशी उठून गेली.

पाच आठवड्यांनी ती घरी आली. अंगानं सुटलेली, चाल मंद, बोलताना जीभ जड. दारात चपला काढता काढता थांबली.

"डॉक्टर म्हणतात, तुम्हीच आई आहात. म्हणजे, असाल. आई म्हणू का तुम्हाला?"

"म्हण की," टाचणीबाई म्हणाली.

त्यानंतर घरात ताट फुटलं नाही. गोळ्या वेळेवर जातात. दुपारी लेक दुकानात येते, मशीनशेजारी स्टुलावर बसून बटणं लावते. परवा एक गिऱ्हाईक पँटसाठी थांबलं होतं. लेकीनं वर पाहून विचारलं, "आई, तुम्ही पाणी प्यायलात का?"

"किती आदबीनं बोलते हो तुमची लेक!" गिऱ्हाईक कौतुकानं म्हणालं. "नाहीतर आमची. उठता बसता अरे-तुरे, आणि वर उलट उत्तरं."

"हो," टाचणीबाई म्हणाली. "पहिल्यापासून वळणच आहे तिला तसं."

आणि पँट उलटी करून तिनं शिवण उसवायला घेतली.