सटवाईच्या आधी लिहिणारी वही

मित्रांनो, मी उपकेंद्राची एक जुनी जन्मवही आहे. पुठ्ठा सुटलाय, कोपरे उंदरांनी चाखलेत. तरी मला रद्दीत घालायचं नाव काढू नका. आधी माझा पराक्रम ऐका.

छापखान्यातून आले तेव्हा माझ्या कपाळावर 'जिल्हा उस्मानाबाद' होतं. तेवढ्यात लातूर वेगळा जिल्हा झाला आणि कुणीतरी त्यावर काट मारून निळ्या शाईनं 'लातूर' लिहिलं. नव्या जिल्ह्याची पहिली वही म्हणून मी उगाच मिरवायची.

उदगीरच्या अलीकडे, कवठाळवाडीत माझा मुक्काम. बाळ जन्मलं की नाव आणि वजन लिहायचं, महिन्याच्या आत दगावलं तर शेवटच्या रकान्यात तसं लिहायचं. माझा तो रकाना अगदी कोरा होता. बेरीज शून्य. तालुक्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं आणि मी पुरीसारखी फुगले.

मग दुष्काळाच्या वर्षी हिमायतनगरकडच्या यशोधरा सोनकांबळे सिस्टर बदलून आल्या. तेव्हा गावच्या बायका रोजगार हमीवर खडी फोडत होत्या. पोटुशी बाईसुद्धा घरी थांबत नव्हती. सिस्टरनी मला चाळलं आणि गावच्या सुईणीला, धुरपताबाईला, हाक मारली.

"मावशी, झाडून सगळी लेकरं अडीच किलोची? ही काय डाळमिलची पोती हायत का?"

धुरपताबाई पदराआड हसली. "बारसं झाल्यावर आम्ही सांगायचं, तुमच्या आधीच्या सिस्टरबाईनं लिव्हायचं. तवर कोण तोलतंय?"

"बारशाच्या आधी का नाही लिहीत?"

"पाचवीला सटवाई लेकराच्या कपाळावर लिव्हती. तिच्या आधी माणसानं लिव्हू न्हाई."

"आणि पाचवीच्या आधीच गेलेली?"

हसू मावळलं. धुरपताबाईनं बोटं मोजली. वर्षात चार. त्यातलं एक गावातल्याच नागम्माचं, आणि तिचं त्याच्या आधीचंही असंच गेलेलं. माझ्यात एकाचाही पत्ता नव्हता. मला माझ्या शून्याची लाज वाटली. तालुक्याच्या डॉक्टरांची जीप एकच. जिथले आकडे वाईट तिथे ती आधी जायची. शून्याच्या गावाला ती कशाला येईल?

सिस्टरनी ती चारही बाळं तांबड्या शाईनं माझ्यात लिहिली आणि अहवाल धाडला. तालुक्याहून उलट टपाली चिठ्ठी आली, 'आकडा दुरुस्त करा.' सिस्टर म्हणाल्या, "मी काय खोटं लिहून राहिले का?" आणि चिठ्ठी ट्रंकेत टाकली.

त्याच आठवड्यात भरदुपारी नागम्मा बाळंत झाली. मुलगी. फडक्याच्या झोळीत घालून काट्याला टांगली, तर एक किलो सहाशे. सिस्टरनी मला उघडलं, तोच नागम्माच्या सासूनं, गौरम्मानं, माझ्या पानावर पंजा ठेवला.

"बाई, पाया पडते. पाचवी होऊ द्या. आधीची दोन गेली माझी."

"ती तर लिहिली नव्हती ना, गौरम्मा?" सिस्टर हळूच म्हणाल्या. "तरी गेलीच की."

तेवढ्यात बाजेवरून नागम्माचा बारीक आवाज आला, "लिव्हा बाई. सटवाईला वाचता येतंय की. आधीचं वाचून पुढचं लिव्हल ती."

धुरपताबाई खुदकन हसली. गौरम्माचा हात उचलला गेला आणि मी लिहिली गेले: 'नागम्माची लेक, १६००.'

बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधलं, वाटी-चमच्यानं दूध पाजलं. सिस्टर रोज तोलायच्या. १५७०. १५२०. चौथ्या दिवशी १४६०.

त्याच दिवशी दारात जीप थांबली. डॉक्टर तावातावानं उतरले. "शून्याचे चार कसे झाले, सिस्टर?"

"शून्य खोटं होतं, साहेब. हे खरं आहे." सिस्टरनी मला त्यांच्या हातात दिलं.

बाळाच्या चार दिवसांच्या वजनांवरून त्यांचं बोट खाली घसरत गेलं आणि आवाजही उतरला. "रोज घटतंय. एवढंसं बाळ नुसतं बघून कळलं नसतं. चला, आईला बसवा पुढं."

रागवायला आलेली जीप बाळाला घेऊन उदगीरला गेली. बघा मित्रांनो, खऱ्या आकड्याची ताकद!

पाचवी दवाखान्यातच झाली. बाराव्या दिवशी १६५०, महिन्यानं दोन किलो शंभर. परतल्यावर नागम्मानं स्वतः लेकीला काट्यात घातलं आणि गौरम्मानं सगळ्या आळीला गूळ वाटला. पुढच्या वर्षी माझ्यात एकतीस बाळं पहिल्याच दिवशी उतरली आणि एकाचंही वजन दुसऱ्यासारखं नव्हतं. सहा अशक्त निघाली. जीप सहा वेळा आली. पाच वाचली. सहावं माझ्यात आहे, तारखेसकट. त्याला कुणी विसरणार नाही.

मित्रांनो, वही चांगली दिसावी म्हणून तिला कधी कोरी ठेवू नका. आम्हांला शाबासकी नको, खरं लिहा. कवठाळवाडीला हे आता सांगावं लागत नाही. परवाच गौरम्मा शेजारणीच्या घरून धापा टाकत आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, "बाई, वही काढा लवकर, नाळ कापायचीच ऱ्हायलीय अजून."