गिरणीकडच्या वळणावरचा हात

ब्वाझेय कुबाला कठड्यातून आरपार गेला, तेव्हा नऊ हजार माणसांचा आवाज एका क्षणात बंद झाला.

स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेक नसतो. चार जण, चार फेऱ्या, कायम डावीकडे वळायचं आणि मागचं चाक घसरवत वेग सांभाळायचा, एवढाच खेळ. गिरणीकडच्या वळणावर ब्वाझेयचं पुढचं चाक उचललं गेलं आणि गाडी वळायच्या ऐवजी सरळ सुटली. फळ्या कडाडल्या, लाल धूळ उडाली आणि कठड्यात दाराएवढं एक भोक उरलं.

मी बॅग घेऊन धावत सुटले. मैदानाची डॉक्टर मी. पण धावताना माझ्या डोळ्यांपुढे ब्वाझेय नव्हताच. दोन वर्षांपूर्वी याच जागी, याच फळ्यांशी, त्याचा थोरला भाऊ रेमेक पडला होता. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जळक्या एरंडेलाचा वास येत होता. या गाड्यांच्या इंजिनात तेच तेल असतं. रेमेकने मला विचारलं होतं, "बोग्ना, गाडी बंद केली का गं कुणी?" गाडी केव्हाच बंद पडली होती. त्याला मात्र आवाज येत होता. तो गेल्यापासून तो आवाज मला येतो.

मी पोचायच्या आत ब्वाझेय त्या भोकातून चालत बाहेर आला. गुडघे झटकले, हेल्मेट काढलं आणि वेड्यासारखा हसला.

पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणीतरी ओरडलं, "रेमेक!" मग सगळं मैदान ओरडू लागलं. "रेमेक! रेमेक!" त्या वळणावर त्या वर्षातला हा नववा अपघात होता, आणि नऊही जण धडधाकट उठले होते.

"झेललं त्याने!" कठड्याशी उभा असलेला मास्टर लुत्सियान हात पसरून गरजला. "भावाने भावाला झेललं! मला त्याचे तळवे दिसले!"

मैदानाची निगा राखणारे अलॉयझीकाका तेवढ्यात हातोडा घेऊन आले आणि खाली मान घालून फळ्या बसवू लागले. मदतीला गेलेल्या दोघांना त्यांनी हाकलून दिलं.

हा लुत्सियान वसंतात आमच्या गावात उगवला. साल एक्याण्णव. जुनी सत्ता गेली होती, नवी अजून नीट बसली नव्हती, आणि पोलंडभर हातातून ऊर्जा सोडणारे महापुरुष पावसाळ्यातल्या भूछत्रांसारखे फुटले होते. टीव्हीवरून पाणी भारून देणारे होते, फोटोवर हात ठेवून मूतखडा विरघळवणारे होते. आमच्या वाट्याला आला तो राखाडी कोटातला, मऊ आवाजाचा, आणि बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायला फुरसत न देणारा.

"मृत्यू म्हणजे काय? कंपनांची अदलाबदल!" तो सांगायचा. "रेमेक गेलेला नाही. तो फक्त वरच्या पट्टीत वाजतोय. माझा कान त्या पट्टीला लागलेला आहे. तुमचे कान कोबीच्या सुपाला लागलेत, त्यात तुमचा दोष नाही."

लोक हसायचे आणि पुढे सरकायचे. क्लबने त्याला सभागृह दिलं. रेमेकची आई, लेओकादियाबाई, हिच्याकडून त्याने रेमेकचा पोलादी बूट मागून घेतला. स्वार हा बूट डाव्या पायात चढवतात आणि वळणावर जमिनीला घासत नेतात. रेमेकचा घासून आरशासारखा झाला होता. दर शुक्रवारी दुपारी लुत्सियान तो तांबड्या दोऱ्याला टांगायचा, खाली मेणबत्ती लावायचा, सगळे स्वार भोवती बसायचे. मग तो डोळे मिटून हात पसरायचा. बूट हळूहळू वळायचा, थरथरायचा आणि एका स्वाराकडे टोक करून थांबायचा.

"याला तो सांभाळेल."

मी शिकलेली बाई. तरी ब्वाझेयच्या अपघाताच्या आदल्या शुक्रवारी गेले. का, ते लपवत नाही. मला रेमेकला एक प्रश्न विचारायचा होता. लुत्सियानने माझं डावं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि म्हणाला, "मोठ्याने नको. मनात विचारा, डॉक्टरबाई."

मी मनात विचारलं, मला यायला उशीर झाला का रे?

बूट वळला आणि त्याचं टोक माझ्याकडे आलं.

"तो म्हणतो, नाही," लुत्सियान पुटपुटला. मी तिथेच रडले. घरी येऊन दोन वर्षांत पहिल्यांदा शांत झोपले. तेव्हा ज्यांना तो बूट पटला त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. मीही त्यांतलीच होते.

पण दुसऱ्या दिवसापासून माझं घड्याळ पिसाळलं. माझ्या आईचं चावीचं मनगटी घड्याळ, वीस वर्षांत मिनिटाने चुकलं नव्हतं, ते तासाला सात मिनिटं पुढे पळू लागलं. बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजीने ते उघडलंच नाही. खणातून होकायंत्र काढलं आणि घड्याळाजवळ धरलं. सुई गर्रकन फिरली.

"लोहचुंबकाशी खेळलात काय, डॉक्टरबाई?"

"मी कशाला खेळू?"

"मग कुणीतरी तुमच्या मनगटाशी खेळलंय. चांगलं जाड चुंबक असणार. आतली केसाएवढी स्प्रिंग चिकटून बसली बघा."

मला राग आला तो नंतर. आधी काय वाटलं, तर रेमेक पुन्हा एकदा गेला.

मग दवाखान्यात बसून माझी अपघातांची वही उघडली. गिरणीकडचं वळण, नऊ अपघात, एकही हाड मोडलेलं नाही. शहराकडचं वळण, चार अपघात. एक मांडी, दोन खांदे. त्या तिघांबद्दल लुत्सियान काय म्हणाला होता, तेही आठवलं. एकाची श्रद्धा कच्ची, दुसरा शुक्रवारी गैरहजर, तिसऱ्याने आदल्या दिवशी सॉसेज खाल्लं. वाचला तर बूट, मोडला तर सॉसेज! पण मलाही कोडं सुटेना. लुत्सियानच्या मनगटाला चुंबक असेल. त्याने नऊ माणसं कशी वाचतील?

कोड्याला वेळ नव्हता. त्या रविवारच्या आपटण्यानंतर ब्वाझेयचं डोकं ठणकत होतं. मंगळवारी त्याला दोनदा उलटी झाली. मी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, "तीन आठवडे गाडीला हात लावायचा नाही. आत्ताच इस्पितळात दाखल हो."

"रविवारी परगावी सामना आहे, डॉक्टरबाई."

"तिथला कठडा सिमेंटच्या भिंतीला टेकलेला आहे. दुसऱ्यांदा डोकं आपटलंस तर मी काही करू शकणार नाही."

"मास्टर म्हणतो, हात सगळीकडे पोचतो." तो अगदी समजूत घातल्यासारखा हसला. "तुम्ही नका घाबरू. तो आहे ना."

परक्या मैदानावर डॉक्टर परका. माझा नकार आमच्या फाटकाबाहेर चालत नव्हता. तेव्हा शुक्रवारी मी पुन्हा सभागृहात गेले. हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये मूठभर टाचण्या.

खोली खचाखच भरली होती. लेओकादियाबाई पहिल्या रांगेत, काळा रुमाल बांधून बसली होती. बूट वळत वळत ब्वाझेयकडे थांबला आणि ती छातीवर क्रूसाची खूण करू लागली, तेवढ्यात मी पुढे झाले.

"मास्टर, जरा हात तसाच ठेवा."

मी ट्रे त्याच्या उजव्या बाहीखाली नेला. टाचण्या उभ्या राहिल्या, सरकल्या आणि टपटप उड्या मारून बाहीला चिकटल्या. कोपराखाली साळिंदर बसल्यासारखं दिसू लागलं.

कुणी हसलं नाही. लुत्सियानने क्षणभर बाहीकडे पाहिलं आणि खरोखर, मला त्याचं कौतुकच वाटलं. "पाहिलंत?" तो गरजला. "ही ऊर्जा! लोखंडालासुद्धा कळते, या बाईला कळत नाही!"

"खरंय!" मागून आवाज आला. दोन बायका गुडघ्यांवर बसल्या. बाजी उलटतेय असं मला दिसलं.

"मग कोट काढा," मी म्हणाले. "ऊर्जा अंगात असेल तर कोटाशिवायही चिकटतील."

"कोट काढला की कंपनं विस्कटतात. ही शास्त्रीय गोष्ट आहे."

तेव्हा लेओकादियाबाई उठली. ती त्याच्या खांद्यालाही पोचत नव्हती. तिने त्याची बाही धरली.

"माझ्या लेकाचा बूट तू घेतलास. मी का म्हणून विचारलं नाही. आता मी सांगते, कोट काढ."

त्याने हात हिसडला. शिवण उसवली आणि मोज्यात गुंडाळलेली, पट्टीने बांधलेली एक काळी चकती खाली पडली. जुन्या लाउडस्पीकरमधलं चुंबक. जमिनीवर पडून ते बसलं, आणि टांगलेला बूट गर्रकन फिरून टोक खाली करून त्याच्याकडे ओढ घेऊ लागला. म्हातारीने दोन्ही हातांनी बूट धरला, दोरा तोडला आणि पदराआड घ्यावा तसा शालीत घेतला.

लुत्सियान मागच्या दाराने गेला. त्याला अडवायचं कुणाला सुचलं नाही, कारण ब्वाझेय उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक.

"बाही खोटी, मान्य," तो मला म्हणाला. "पण मी खोटा आहे का? मी त्या कठड्यातून जिवंत आलो. नऊ जण आलो. आम्हाला कुणी वाचवलं? सांगा ना! नाहीतर मी रविवारी जाणार."



"मी," दाराशी कुणीतरी म्हणालं.

अलॉयझीकाका होते. टोपी हातात पिळत होते. "जाऊ नकोस, पोरा. तिथे रेमेक नाही. तिथे माझ्या खुंट्या नाहीत."

ते चालू लागले, आणि आम्ही त्यांच्या मागे. लख्ख ऊन होतं. गिरणीकडच्या वळणावर त्यांनी आम्हाला कठड्याच्या मागच्या बाजूला नेलं. त्या चिंचोळ्या पट्टीत आजवर कुणीच नीट डोकावलं नव्हतं; पडलेल्या स्वारांना धुळीत काहीतरी मऊ लागलं होतं, आणि तो रेमेकचा हात असं त्यांनी धरून चाललं होतं. सगळ्यांच्या मेणबत्त्या, फुलं पुढच्या बाजूला.

मागे आधाराचे जाड खांब दोन पावलं लांब सरकवलेले होते, फळ्या नुसत्या आडव्या दांड्यांवर बसवल्या होत्या. फळ्यांना लोखंडी बोल्ट नव्हते. लिंडनच्या मऊ लाकडाच्या, बोटाएवढ्या खुंट्या होत्या. फळ्यांमागे पेंढ्याची पोती आणि जुने टायर माणसाच्या उंचीपर्यंत रचलेले. काकांनी एका फळीला खांदा दिला. खुंटी कट्टकन तुटली आणि फळी पेंढ्यावर अलगद आडवी झाली.

"माणूस आदळला की हे असं होतं," ते म्हणाले. "वेग पेंढा खातो. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं मला. परवानगी मागितली असती तर वॉर्साहून कागद यायला तीन वर्षं लागली असती. म्हणून चोरून केलं."

"मग सांगितलं का नाहीत?" ब्वाझेय ओरडला. "लोक त्या चोराच्या पाया पडत होते, आणि तुम्ही..."

"काय सांगणार होतो?" म्हातारा म्हणाला. "सांगितलं असतं तर पुढचं विचारलं असतंत."

ब्वाझेयने पुढचं विचारलंच. "मग रेमेकला का नाही वाचवलं?"

काका लेओकादियाबाईकडे बघून बोलले.

"त्या वसंतात फळ्या खडखडतात म्हणून क्लबने तक्रार केली. पक्क्या करा म्हणाले. मी बोल्ट मारले, लोखंडी. चांगले आवळले. मला वाटलं, चांगलं काम केलं."

लेओकादियाबाई पेंढ्याच्या पोत्यावर बसली. बूट मांडीवर. तिने काकांना क्षमा केली असं मी लिहिणार नाही, कारण ते मी ऐकलं नाही. तिने एवढंच विचारलं,

"शहराकडच्या वळणावर काय आहे?"

"बोल्ट," काका म्हणाले. "माझ्या एकट्याने झालं नाही."

"मग इथे उभे का?" ती म्हणाली. "पाना आण."

शनिवारी अर्धं गाव शहराकडच्या वळणावर होतं. जे लोक शुक्रवारी बुटापुढे गुडघ्यांवर बसले होते, तेच आता गुडघ्यांवर बसून बोल्ट काढत होते. कुणीतरी पेंढ्याची गाडी आणली. क्लबचे लोक कागदांची भाषा बोलायला आले, आणि लेओकादियाबाईला पाहून बोल्ट काढायला लागले. ब्वाझेय तिथे नव्हता. शुक्रवारीच मी त्याला इस्पितळात नेलं होतं. डोक्यात बारीक रक्तस्राव निघाला. तो आपोआप जिरला, पण रविवारी एक साधा धक्का बसला असता तरी जिरला नसता. पुढच्या वर्षी तो पुन्हा धावला. अजून पडतो, अजून उठतो.

मला विचाराल तर तो इंजिनचा आवाज मला अजून येतो, विशेषतः मैदान रिकामं असताना. तो रेमेक नव्हे; ते माझंच डोकं आहे, जे विसरायला तयार नाही. बुटाने मला दिलेलं उत्तर खोटं होतं. खरं उत्तर मिळणार नाही, आणि त्याच्यासकट जगायला मी शिकतेय. कुणी मऊ आवाजात ते उत्तर द्यायला आला, तर मी आधी त्याची बाही बघेन.

तुम्हीही बघा. माणूस मरणाच्या दारातून परत आला की हात जोडावेसे वाटतात, त्यात लाज नाही. पण हात जोडायच्या आधी चार पावलं चालून मागच्या बाजूला जा. तो कसा वाचला हे कळलं, तरच पुढचा वाचेल. आणि एखादा वाचला नसेल, तर त्याच्या नशिबाला आणि श्रद्धेला बोल लावू नका. बोल्ट कुठे आहेत ते शोधा.