रेघबाबाचा ओटा

"ए माय, या रेघेच्या इकडे पाय टाकशील तर याद राख!" रेघबाबाने नदीला दम भरला आणि आमची खालची वस्ती भर पावसात हात जोडून उभी राहिली. राखेची ती रेघ पावसाने केव्हाच धुतली होती. वर ठेवलेली लिंबं तेवढी उरली होती. बाबाचं उत्तर तयारच होतं, "रेघ जमिनीत उतरली! आता पक्की झाली!" झाला जयजयकार. मी मात्र घराकडे धावलो. पाणी पुलाला टेकलं होतं आणि माझी आई, बनाबाई, खाटेवरून हलायला तयार नव्हती.

"मांगच्या पुरात पानी रेघेपासून वापस गेलं का नाही?" ती म्हणाली. "मंग काऊन भेतं बे भागवत?"

पाणी परत गेलं होतं, हे खरंच. त्या चमत्काराची कीर्ती वडनेरच्या बाजारापर्यंत पोचली होती. गावाने तर पाणी वळलं त्याच जागी मुरूम टाकून बाबाला भलामोठा ओटा बांधून दिला होता.

तेवढ्यात शाळेतल्या वंदना मॅडम चिंब भिजून दारात आल्या. "बनाबाई, परात द्या," एवढंच म्हणाल्या. अंगणातला चिखल परातीत थापून त्यांनी बोटाने नदी काढली, तिच्या बाजूला नाला काढला आणि खाली काडेपेटी ठेवली.

"ही तुमची वस्ती. आता पाहा." त्यांनी वरून तांब्या ओतला. पाणी फुटलं. अर्धं नाल्यात शिरलं आणि शेतांमधून वळसा घालून खाली नदीला मिळालं. काडेपेटी कोरडीच राहिली.

"मागच्या वेळी हेच झालं. जुन्या पुराचा काडीकचरा बाभळींना अडकलेला होता. बाबाने तो पाहून पाणी कुठवर चढतं ते ओळखलं आणि त्याच्या जरा वर रेघ ओढली. बस, एवढाच चमत्कार."

मग मॅडमनी मूठभर चिखल घेऊन नाल्याचं तोंड बुजवलं. "आणि हा बाबाचा ओटा."

दुसरा तांब्या ओतला. पाणी त्या चिखलापाशी तुंबलं, चढलं आणि एकदम काठ फोडून काडेपेटीला घेऊन गेलं. आई त्या परातीकडे बघतच राहिली. मग तिने खाटेवरून पाय खाली सोडले.

"भागवत, मायी काठी दे. लवकर!"

बाहेर बाबा ओरडत होता, "जो उठला, त्याचं घर बुडलं!"

"तू बस रेघेवर," आई म्हणाली. "आमी शाळेत चाललो."

बनाबाई निघाली म्हटल्यावर वस्तीही निघाली. लेकरं कडेवर, म्हातारे पाठीवर. शाळेची टेकडी अर्धी चढलो आणि मागे मोठा आवाज झाला. वळून पाहिलं, तर आमच्या गल्लीतून पाणी धावत होतं आणि त्यावर बाबाची लिंबं तरंगत होती. मला रडूच फुटलं. आमचं घर गेलं, पण माणूस एकही गेला नाही.

शाळेच्या ओसरीत रेघबाबा आमच्याआधी मोटारसायकलवरून येऊन बसला होता. पोरं त्याच्या अंगावर धावली.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारावं, हे कशानं झालं आणि आपण तिथे काय बदललं. हे मी पुस्तकी भाषेत सांगतो. आईने काठी आडवी धरून सरळ सांगितलं.

"त्याले मारून पानी उतरन का? ओटा आपनच बांधला. पानी ओसरलं की कुदळी घ्या अन् पह्यले तो फोडा. नाल्याचं तोंड मोकयं करा."