कॅमेऱ्याने वाचलेलं हसू

कळमेश्वरच्या कारखान्यातल्या चौकशीच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला व्यवस्थापक मनोहरराव बसले होते, समोर कामगार दुर्गेश आणि भिंतीशी वंदना. तिचा नवरा अश्विन यंत्रात सापडून नागपूरच्या रुग्णालयात बेशुद्ध पडला होता. यंत्र दुर्गेशने सुरू केलं होतं. आदल्या दिवशी दोघांचं भांडण सगळ्यांनी पाहिलं होतं. मुद्दाम केलं असं ठरलं, तर दुर्गेशची नोकरी जाणार होती आणि प्रकरण पोलिसांकडे जाणार होतं.

कॅमेऱ्यातून चेहऱ्यावरचे भाव ओळखणारा प्रोग्राम कंपनीने परदेशातून घेतला होता. तो चालवायला रितिका आली होती. ती भावनांवर संशोधन करायची. मनोहररावांनी अपघाताचा तपशील वाचला. दुर्गेश हसला. पडद्यावर शब्द उमटला: आनंद.

"दोस्त मरणाच्या दारात अन् हा हसून राहिला," मनोहरराव म्हणाले. "मॅडम, अहवालावर सही करा."

रितिकाने पेन उचललं नाही. तिने दुर्गेशला कारण विचारलं. त्याने वंदनाकडे पाहिलं. हसू तसंच होतं, पण हनुवटी थरथरत होती.

रितिका उमरेडची. वडील अंथरुणाला खिळले होते तेव्हा आईने घरात कोणाला रडू दिलं नव्हतं; जिवंत माणसासाठी रडणं अपशकुन, असं ती म्हणायची. भेटायला येणारे दाराशी थांबून चेहरा हसरा करत, मगच आत येत.

तिने कॅमेरा वंदनाकडे वळवला आणि तोच तपशील पुन्हा वाचायला सांगितला. मनोहरराव नाखुशीनेच वाचू लागले. यंत्र, हात, रक्त. वंदना ओठ ताणून ऐकत राहिली. पडद्यावर आलं: आनंद.

"हिलाही आनंद झाला, असं लिहू का?" रितिकाने विचारलं.

मनोहरराव पडद्याकडून वंदनाकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "काहून हसून राहिली वं, पोरी?"

"रडू कशी, साहेब? जिते आहेत ना ते अजून."

रितिकाने अहवालात लिहिलं, की या हसण्यावरून हेतू सांगता येत नाही. त्याखाली सही केली. मनोहररावांनी तो वाचला आणि पोलिसांसाठी तयार ठेवलेला कागद फाईलमध्ये परत घातला. अश्विन बोलू लागला की त्यालाच विचारू, म्हणाले.

तेवढ्यात वंदनाचा फोन वाजला. रुग्णालयातून दीर बोलत होता. तिने ऐकलं, फोन छातीशी धरला.

"डोळे उघडले त्यायनं," ती दुर्गेशला म्हणाली. "पाणी मागतलं. आता रड गा."

दुर्गेशने तोंड झाकलं नाही. हमसून हमसून रडला. कॅमेरा अजून चालूच होता. पडद्यावर उमटलं: दुःख.

रितिकाने प्रोग्राम बंद केला.