काळा समुद्र, पांढरा समुद्र

"उचल तुहं बोचकं. आजपासून पुलापल्याड, कोंबड्यावाल्यांपाशी बसाचं," रंगराव म्हणाला आणि त्यानं सुकटीच्या टोपलीला चपलेचं टोक लावलं.

सुवर्णानं आधी टोपली मागं ओढली, मग त्याच्याकडं पाहिलं. यंदा धाड गावच्या आठवडी बाजाराचा ठेका रंगरावनं घेतला होता, आणि तेव्हापासून बाजार म्हणजे त्याच्या बापाचं अंगण झालं होतं. कापडवाल्यांना वास येतो म्हणे. इतकी वर्षं येत नव्हता, आताच यायला लागला!

कडुनिंबाखालचा हा ओटा तिच्या नवऱ्यानं, इंद्रभाननं, स्वतः दगड लावून बांधला होता. तो एसटीचा ड्रायव्हर. रत्नागिरी डेपोत असताना तिथल्या मिरकरवाड्याच्या या कोळणीवर जीव जडला, आणि बदली होताच लग्न करून तिला इकडं घेऊन आला. सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांना समुद्र सांगायचा. गेल्या दिवाळीनंतर तो वारला. मग समुद्र सांगायचं कामही तिच्या एकटीवर आलं.

आणि सांगायची तरी कशी! रत्नागिरीत समुद्र शहराच्या कुशीत शिरलेला, आणि त्या समुद्रात घुसलेला एक किल्ला, घोड्याच्या नालासारखा. किल्ल्याच्या एका अंगाला काळी वाळू, तो काळा समुद्र. दुसऱ्या अंगाला पांढरी, तो पांढरा. आजी म्हणायची, हे दोन समुद्र म्हणजे मूळच्या सख्ख्या बहिणी. अशा भांडल्या, की एकमेकींचं तोंड बघेनात, म्हणून भगवतीदेवी मधोमध किल्ल्यावर ठाण मांडून बसली. पण नारळी पुनवेला काळ्या समुद्रात सोडलेला नारळ किल्ल्याखालच्या भुयारातून पांढऱ्यात निघतो. बोलणं नसलं तरी देणंघेणं चालूच आहे. धाडचे लोक हसायचे आणि बोंबील घेऊन जायचे.

सासू जनकाबाई मात्र हसायची नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं सुकटीची पोती गोठ्यात आणि सुवर्णाची चूलही गोठ्यात. एका गावाले दोन समुद्र कुठं असतात काय, पोराले भुलवलं तसं मले भुलवू नको, असं ती एकदाच बोलली होती. बाजारातही मेथी घेऊन ती पार दुसऱ्या टोकाला बसायची. घरात दोघींच्या मध्ये आता इंद्रभानचा फोटो तेवढा उरला होता.

"मी नाय हलायची," सुवर्णा म्हणाली. रागावली की तिची जीभ अजून किनाऱ्यावर जायची.

रंगरावनं दोन माणसं बोलावली. एकानं पोत्याला हात घातला, तशी ती सरळ पोत्यावरच जाऊन बसली. गर्दी जमली. कोणी म्हणालं, बाईमाणसाच्या नादी कशाला लागता. कोणी म्हणालं, वास तर येतोच. तिच्या बाजूनं पुढं मात्र कोणी आलं नाही. आज उठले तर इंद्रभानचा ओटाही गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तेवढ्यात गर्दीतून मेथीचं गाठोडं पुढं आलं आणि त्यामागून जनकाबाई. कोणाशी न बोलता तिनं ओट्यावर बोंबलांना खेटून गोणपाट अंथरलं आणि जुड्या मांडायला घेतल्या.

रंगराव गडबडला. "आत्या, तुमी इथं काऊन? माळकरी माणूस तुमी."

"माळ माह्या गळ्यात हाये, तुले काऊन टोचून राह्यली?" जनकाबाई म्हणाली. "ओटा माह्या पोरानं बांधला. इले उठवाचं असन तं आधी मले उचल."

म्हाताऱ्या बाईला हात कोण लावणार? पुढच्या बाजारी पाहतो, असं पुटपुटत रंगराव निघाला.

"ये पुढच्या बाजारी," ती मागून म्हणाली. "आमी इथंच हावो."

या गोंधळात सुवर्णाची बोहनी राहिली होती. जनकाबाईनं एक जुडी तिच्या मांडीवर ठेवली आणि पदर पसरला. बाजारात मालाला माल देऊन बोहनी होते, पण माळकरी बाईला सुकट कशी घालायची?

"तुमी तर खात नाय," सुवर्णा हळूच म्हणाली.

"खात नाही. बोहनी तं करू देशीन?"

सुवर्णानं ओंजळभर सुकट पदरात घातली. जनकाबाईनं नाक मुरडलं, पण पदर झटकला नाही. गाठ मारून कमरेला खोचली, मेथीवर पाणी शिंपडलं आणि समोर बघतच विचारलं, "कोन्या समुद्राची वं ही? काळ्या का पांढऱ्या?"

सुवर्णा तिच्याकडं सरकली आणि दोन्ही समुद्र पहिल्यापासून सांगायला लागली. तोवर दोन गिऱ्हाइकं येऊन ओट्यापाशी थांबली होती.