कुलपातले फोन

"आराम करायला आलात ना? मग करा की आराम!" असं म्हणत डोंगरातल्या त्या कॅम्पच्या मॅनेजरने आल्या आल्या सगळ्यांचे फोन लोखंडी पेटीत घातले आणि कुलूप लावलं. इथला नियमच तो. आणि मी मूर्खासारखी कौतुकाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाला बांधलेल्या झोळीत पडले होते, तेवढ्यात पेटीत माझा फोन वाजला. खास दादासाठी लावलेली रिंग होती. आई दादाकडे अंथरुणाला खिळलेली. पण तिची खबरबात वहिनीच कळवते. दादा जन्मात फोन करत नाही.

किल्ली मॅनेजरच्या खिशात, आणि मॅनेजर भाजी आणायला डोंगराखाली गेलेला. नवऱ्याने दगड उचलून कुलपावर घातला, पुन्हा घातला. कुलूप कसलं तुटतंय!

"अगं, सहज केला असेल," तो धापा टाकत म्हणाला.

"दादा? आणि सहज?" मी खेकसले.

फोन वाजून वाजून थांबला. आजूबाजूला गार वारा, पाखरं आणि मेली ती शांतता.

मग पेटीत नवऱ्याचा फोन वाजायला लागला. त्याने हातातला दगड हळूच खाली ठेवला.